दोरीच्या टोकाची नजर

संक्रांतीच्या दिवसांत आमच्या चाळीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले की गोदीच्या क्रेनची टोके दिसत. वारा खाडीकडून आला तर आमचे पतंग त्यांच्या उलट दिशेला जात. समुद्राकडून आला तर थेट त्यांच्यावर. वडील गोदीत सुतार होते. एखादा पतंग कटून तिकडे वाहवत निघाला की ते म्हणत, "गेला तो कामावर." पतंगाला जे दिसते ते आपल्याला दिसावे, असे तेव्हा फार वाटे. वडील भिंतीपलीकडे दिवसभर काय करतात हे मला कधीच पाहता आले नव्हते. कॅमेरा आत न्यायला मनाई होती, त्यामुळे कामावरचा त्यांचा एकही फोटो घरात नाही.

पतंगाला कॅमेरा बांधून जुन्या जहाजांची छायाचित्रे काढणारे लोक आहेत हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ती छायाचित्रे मी जमवू लागलो, ती याच जुन्या इच्छेपोटी. इंग्लंडमधील केंट परगण्यात, मेडवे नदीकाठी चॅटमची ऐतिहासिक गोदी आहे. तिथे एक दिवस काढला, तेव्हा हा प्रकार प्रत्यक्षही पाहिला. प्रस्तुत लेखात या छायाचित्रांचा एक कलाप्रकार म्हणून विचार करायचा आहे. ती सुंदर असतात, यावर वाद नाही. प्रश्न असा आहे, की ती जहाजाविषयी आपल्याला काही नवे सांगतात की जुन्या जहाजाचे फक्त एक देखणे खेळणे करून टाकतात?

पतंगाचा डोळा

हा प्रकार ड्रोनच्या आधीचा आहे, विमानाच्याही आधीचा. फ्रान्समधील लाब्रुगिएर या गावी आर्थर बातू यांनी १८८८ साली पतंगाच्या कण्यालाच कॅमेरा बांधून आपले गाव वरून टिपले. त्यांची युक्ती साधी होती. हळू जळणारी वात पेटवून पतंग वर सोडायचा. वात जळत जाऊन एक दोरा तोडणार आणि दोरा तुटला की शटर उघडून मिटणार. पतंग किती उंचीवर होता ते कळावे म्हणून सोबत हवेचा दाब मोजणारे यंत्र असे. १८९० साली त्यांनी या तंत्रावर पुस्तकही लिहिले. पुढे १९०६च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा शिकागोचे जॉर्ज लॉरेन्स यांनी एकामागे एक बांधलेल्या पतंगांच्या माळेवर सुमारे बावीस किलोचा कॅमेरा चढवला आणि जवळपास सहाशे मीटर उंचीवरून त्या शहराचे विस्तीर्ण छायाचित्र घेतले. छायाचित्रणाच्या इतिहासात ते आजही महत्त्वाचे मानले जाते.

१९१२ साली पिएर पिकाव्हे या फ्रेंच गृहस्थांनी कॅमेरा दोरीला टांगण्याची एक पद्धत काढली. फुलीच्या आकाराच्या चौकटीतून दोरा असा ओवलेला असतो, की पतंग डोलला तरी कॅमेरा आपली पातळी सोडत नाही. आजचे हौशी छायाचित्रकार हीच पद्धत वापरतात. कॅमेरा पतंगाला बांधत नाहीत. पतंग वर स्थिर झाला, की त्याच्या बराच खाली, दोरीवर ही फुली लटकवतात आणि मग ढील देतात. आपल्याकडच्या काटाकाटीच्या पतंगाला जे काम जमणार नाही ते यासाठी लागते. तो चपळ नको, आळशी हवा. एका जागी ठाम उभा राहणारा, ओढ धरणारा. म्हणून जपानी घाटाचा षट्कोनी रोक्काकू किंवा मोठा त्रिकोणी डेल्टा पसंत करतात. आपल्याकडे कन्नी बांधताना दोरा बोटभर वरखाली करून पतंगाचा स्वभाव बदलतात. तीच विद्या इथेही लागते, फक्त उलट हेतूने.

चॅटमला मी ज्यांना पाहिले ते निवृत्त शिक्षक होते. सकाळभर त्यांनी एकही छायाचित्र घेतले नाही. वारा गोदीच्या उंच इमारतींना आपटून गोल फिरत होता. दुपारी तो नदीकडून सरळ येऊ लागला, तेव्हा त्यांनी पतंग सोडला. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय पतंग साठ मीटरपेक्षा वर नेता येत नाही. ही मर्यादा त्यांना जाचत असेल असे मला वाटले होते. ते म्हणाले, "साठ मीटरवरून माणूस माणसासारखा दिसतो. त्याच्या वर गेलो तर तो ठिपका होतो." पुढे मी जे मुद्दे मांडणार आहे त्यांचे बीज या वाक्यात आहे.

तीन जहाजे

चॅटमच्या कोरड्या गोद्यांत आज तीन जहाजे उभी आहेत. 'गॅनेट' हे १८७८चे, शीड आणि वाफ अशा दोन्हींवर चालणारे. लोखंडी फासळ्यांवर सागवानी फळ्या ठोकून ते बांधले आहे. 'कॅव्हेलियर' ही १९४४ साली पाण्यात सोडलेली विनाशिका. 'ऑसेलट' ही १९६२ साली याच गोदीत जलावतरण झालेली पाणबुडी. नेल्सनचे प्रसिद्ध 'व्हिक्टरी' हे जहाजही चॅटमचेच, १७६५ सालचे. ते ज्या ठिकाणी बांधले गेले तिथल्याच गोदीत आज 'कॅव्हेलियर' आहे. गोदी १९८४ साली बंद झाली आणि पुढे तिचे संग्रहालय झाले.

या तीन जहाजांची जी छायाचित्रे मी पाहिली त्यांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट सरळ खाली पाहणारा. यात जहाज एखाद्या पानासारखे किंवा माशासारखे दिसते. 'ऑसेलट' तर काळी सुईच. ही चित्रे पटकन आवडतात आणि पटकन विसरली जातात, कारण त्यांत जहाजाचा आकार उरतो आणि वजन जाते. 'कॅव्हेलियर'च्या शेजारी दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या १४२ ब्रिटिश विनाशिकांचे आणि त्यांवरील सुमारे अकरा हजार माणसांचे स्मारक आहे. सरळ वरून पाहिले तर तिच्या तोफा, नळ्या आणि जिने यांची एक गोड नक्षी होते. युद्धनौकेची नक्षी होणे ही माझ्या मते या प्रकाराची सर्वांत मोठी लबाडी आहे. ती छायाचित्रकार मुद्दाम करत नाही. उंची ती आपोआप करते, म्हणून छायाचित्रकाराला तिच्याविरुद्ध काम करावे लागते.

या गटात एक अपवाद मात्र मला वारंवार भेटला. 'गॅनेट'च्या तीन डोलकाठ्यांच्या सावल्या कोरड्या गोदीच्या दगडी पायऱ्यांवर पडतात आणि प्रत्येक पायरीवर मोडत खाली उतरतात. त्या मोडलेल्या सावलीवरून गोदी किती खोल आहे ते कळते. हे जहाज ज्या पाण्यावर असायला हवे ते इथे नाही, हेही कळते. सपाट चित्रात खोली परत आणणारी ही सावली दिवसाच्या ठरावीक वेळीच मिळते. वारा आणि ऊन दोन्ही एकाच वेळी जुळावे लागतात.

दुसरा गट उंच आणि तिरका. यात नदी, गोदी, छपरे, पलीकडचे शहर असे सारे येते. हा पर्यटनपत्रकाचा कोन आहे. त्यातून स्थळाची रचना समजते, हे खरे. दोरखान्याची लांबच लांब इमारत, सुमारे ३४६ मीटरची, एका चौकटीत मावते ती याच कोनातून. परंतु इथे जहाज हे दृश्यातला एक दागिना असते.

तिसरा गट कमी उंचीचा, डोलकाठीच्या टोकाच्या आसपासचा. माझ्या मते या प्रकाराचे खरे यश इथे आहे. शिडाच्या काळात डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला जे दिसत असेल जवळपास तेच आपल्याला दिसते: खाली अरुंद होत गेलेला डेक, दोरखंडांची वेटोळी, कडेला झुकून वर पाहणारी माणसे. या उंचीला एक ऐतिहासिक आधार आहे. ती कुणा देवाची किंवा सेनापतीची उंची नाही. ती कामाची उंची आहे, शीड गुंडाळायला चढणाऱ्या पोराची. ड्रोनही या उंचीवर थांबू शकतो, हे मला मान्य आहे. पण ड्रोनला ती उंची निवडावी लागते, आणि पुष्कळदा तो निवडत नाही, कारण त्याला वर जाणे फुकट असते. पतंगवाल्याला प्रत्येक मीटर वाऱ्याकडून मागून घ्यावा लागतो.

आखणीचा माळा

'वरून पाहणे' हे जहाजाला परके आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. जहाज बाजूने पाहायची वस्तू आहे, त्याचा डौल नाळेपासून मागच्या टोकापर्यंत डोळा फिरवताना कळतो, असे म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. जहाजबांधणीच्या आराखड्यात तीन दृश्ये असतात: बाजूचे, समोरचे आणि वरचे. म्हणजे जहाज बांधणाऱ्याने ते पूर्ण झाल्यावर वरून कधी पाहिले नसले, तरी बांधण्याआधी पाहिलेले असे. चॅटमला आखणीचा मोठा माळा अजून उभा आहे. 'व्हिक्टरी'च्या रेषा तिथे आखल्या गेल्या. त्या माळ्याच्या जमिनीवर जहाजाचे वळण खऱ्या मापाने कोरत, आणि कारागीर त्या रेषांवरून चालत, वाकून, खाली पाहत काम करत.

हे लक्षात घेतले की पतंगाची छायाचित्रे वेगळी वाटू लागतात. ती जहाजाला परत त्या माळ्यावर नेतात. चांगल्या छायाचित्रात ठरलेली रेषा आणि प्रत्यक्ष जहाज यांतला फरकही दिसतो. दीडशे वर्षे झेललेल्या लाकडाची रेषा कागदावरच्यासारखी निर्दोष नसते. कुठे फळी बदललेली असते, कुठे रंगाचा थर वेगळा असतो. हा फरक टिपणारे छायाचित्र मला संशोधनाच्या दृष्टीनेही मोलाचे वाटते.

याच गोदीत एक जागा अशी आहे जिथे पतंग सपशेल हरतो. १८३८ साली बांधलेल्या तिसऱ्या क्रमांकाच्या बांधणीतळावर एक प्रचंड लाकडी छप्पर आहे. आतून वर पाहिले तर ते उलट्या ठेवलेल्या जहाजासारखे दिसते. फासळ्या, तुळया, वळणे, सारे जहाजाचे. वरून मात्र ते फक्त एक मोठे छप्पर आहे. ज्यांनी जहाजे बांधली त्यांच्या हातची सवय त्या छपराच्या आतल्या अंगात उतरली आहे, आणि ती पाहायला मान वर करून जमिनीवर उभे राहण्यावाचून उपाय नाही.

दोरीचा प्रश्न

पतंग निरागस आहे, असे मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात बेडन बेडन-पॉवेल यांनी माणूस उचलणाऱ्या पतंगांचे प्रयोग केले ते टेहळणीसाठी. पुढे सॅम्युएल कोडी यांचे पतंग सैन्याने स्वीकारले. आपल्याकडच्या १९३४च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश होता. वरून पाहणाऱ्याला सत्ता नेहमीच ओळखून असते.

तरीही पतंगाच्या छायाचित्रात एक गोष्ट असते जी टेहळणीच्या चित्रात टाळली जाते. पुष्कळदा चौकटीच्या कडेला दोरी येते आणि तिच्या खालच्या टोकाला, वर पाहत उभा असलेला छायाचित्रकार. अनेकजण ही दोरी नंतर पुसून टाकतात. मला ती चूक वाटते. दोरी हा या छायाचित्राचा पुरावा आहे. हे दृश्य कुणी, कुठे उभे राहून, कोणत्या वाऱ्यात मिळवले ते तीच सांगते.

चॅटममध्ये हा मुद्दा अधिकच टोचतो, कारण ती दोरीचीच गोदी आहे. तिथे १६१८ पासून दोरखंड वळले जात आले आहेत, आणि त्या लांब दोरखान्यात आजही वळले जातात. ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडात एक रंगीत धागा वळलेला असे. दोरखंड कुठूनही कापला तरी तो धागा दिसायचा, म्हणजे चोरीचा माल ओळखता यायचा. गटेने १८०९च्या आपल्या कादंबरीत या लाल धाग्याचा दाखला दिला, आणि जर्मन भाषेत 'लाल धागा' हा शब्द एखाद्या कृतीतून आरपार जाणाऱ्या विचारासाठी रूढ झाला. आपल्याकडे 'सूत्र' या शब्दात दोरा आणि विचार आधीपासूनच एकत्र आहेत. दोरखान्याचा तो धागा मात्र काव्यासाठी नव्हता. हा माल कुणाचा आहे, एवढेच त्याला सांगायचे होते.

पतंगाच्या छायाचित्रांकडे मी याच प्रश्नाने पाहतो. त्यांतून असा धागा जातो का? हे जहाज कुणाचे, हे कळते का?

मुंबईचे जहाज

या प्रश्नाची खरी कसोटी चॅटमला लागत नाही. ती लागते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला. तिथे 'ट्रिंकोमली' नावाची फ्रिगेट पाण्यावर आहे. आज पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. ती मुंबईत बांधली गेली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत ओकचे लाकूड कमी पडू लागले, तेव्हा आरमाराने मुंबईच्या गोदीकडे जहाजे मागवली. 'ट्रिंकोमली'चा आराखडा घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने निकामी केले. आराखडा पुन्हा पाठवावा लागला. अखेर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. बांधणीच्या आरंभी तिच्या तळाच्या कण्यात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकल्याची नोंद आहे. १९८७ साली ती हार्टलपूलला आणली गेली आणि पुढची अनेक वर्षे तिची डागडुजी चालली. ती टिकली याचे एक मोठे कारण सागवान हेच आहे. सागाच्या अंगी तेल असते. तो ओकसारखा लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यालाही खात नाही.

वरून घेतलेली तिची छायाचित्रे पाहताना मी यांतले काय दिसते ते शोधतो. डेक दिसतो, तीन डोलकाठ्या दिसतात, भोवतीचा धक्का दिसतो. मुंबई दिसत नाही. चांदीचा खिळा अर्थातच दिसत नाही. जिथे जमशेटजींचे नाव इतिहासात आहे तिथे त्यांच्या हाताखालच्या सुतारांची नावे नाहीत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले ते सोबत कारागीर घेऊन. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तासणी मारली त्यांचे काम डेकखाली, फळ्यांच्या सांध्यांत आहे. पतंग कितीही चांगला उडाला तरी तिथवर पोचणार नाही.

मग दोष छायाचित्राचा का? मला तसे वाटत नाही. छायाचित्राने सगळे दाखवावे ही अपेक्षा अवाजवी आहे. दोष आहे तो त्याच्या खालच्या ओळीत. 'जुन्या युद्धनौकेचे विहंगम दृश्य' अशा मथळ्यांत लाकूड नसते, गाव नसते, हात नसतात. उंचीने जे पुसले ते शब्दांनी परत लिहायला हवे. दोरखंडातला रंगीत धागाही दोरखंडापेक्षा निराळाच असे. तो मुद्दाम वळावा लागे.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ज्या गोदीत ही फ्रिगेट बांधली तिची पहिली कोरडी गोदी १७५०ची. ती आज मुंबईच्या फोर्ट भागात, नौदलाच्या आवारात आहे. ते प्रतिबंधित क्षेत्र आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते तसेच असणार. तिथे पतंगाला कॅमेरा बांधून कुणी उभे राहील, हे घडणार नाही. म्हणजे बंद पडलेली गोदी वरून पाहता येते आणि चालू असलेली पाहता येत नाही. चॅटमची इतकी सुंदर छायाचित्रे उपलब्ध आहेत याचे कारण तिथले काम संपले, हे आहे. १९८४ साली ज्यांची नोकरी तिथे संपली त्यांना ती छायाचित्रे कशी दिसत असतील, हा विचार ती पाहताना मनातून जात नाही. रिकामा, स्वच्छ, पुसून चकचकीत केलेला डेक वरून फार शोभतो. माझ्या वडिलांनी पाहिलेला डेक कधी रिकामा नसे.

म्हणून या प्रकाराविषयी माझे मत असे बनले आहे. पतंगाचे छायाचित्र हे हवाई छायाचित्रणातले सर्वांत प्रामाणिक रूप होऊ शकते, कारण ते हाताला बांधलेले आहे. मात्र त्यासाठी त्याने तीन गोष्टी पाळाव्यात. उंची माणसाची ठेवावी. दोरी पुसू नये. आणि खाली लिहिताना जहाजाचे नाव व वर्ष यांबरोबर ते कुठे, कशाचे आणि कुणाच्या हातांनी बांधले तेही लिहावे. नावे ठाऊक नसतील तर निदान धंदा लिहावा.

'ट्रिंकोमली'चे वरून घेतलेले एक छायाचित्र मी छापून घेतले आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे: मुंबई, १८१७, मलबारी सागवान, सुतारकाम. वडील असते तर त्यांनी आधी डेकच्या फळ्यांचे सांधे पाहिले असते आणि मगच मथळा वाचला असता.